आठ लेन पलीकडचा चेंडू

पुण्याहून नागपूरच्या गाडीत चढलो तेव्हा माझ्याजवळ एक किलो बाकरवडी, एक मफलर आणि एक मत होतं. बाकरवडी मनमाडच्या आतच संपली. समोरच्या बर्थवर सात जणांचं कुटुंब होतं आणि सातही जण ‘नको हो, कशाला’ म्हणत खात होते. मफलर भुसावळच्या अलीकडे वरच्या बर्थवरच्या आजोबांनी ‘जरा डोक्याला’ म्हणून मागून घेतला आणि तो त्यांच्या डोक्यासकट बडनेऱ्याला उतरला. नागपूरला पोचलो तो नुसतं मत घेऊन.

हे मताचं प्रकरण आधी सांगून टाकतो. नागपूरला लागून कामठी आहे, पॉवरलूमचं आणि छावणीचं गाव. तिथं आमचा एक फुटबॉल क्लब आहे. त्याचं कागदावरचं नाव इतकं लांब, की जर्सीवर छापायचं तर दोन खेळाडू शेजारी उभे करावे लागतील. म्हणून सगळे त्याला धोटा क्लब म्हणतात. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. क्लब काढला मागावरच्या कामगारांनी, म्हणून तो धोटाच आमच्या छातीवर. मी तिथं सात वर्षं उजव्या बाजूनं धावलो. मग नोकरीनं पुण्याला नेलं आणि तिथं माझ्याऐवजी माझं पोट पुढं धावू लागलं.

यंदा धोटा क्लब वरच्या गटात चढला. त्या गटाचा नियम असा, की घरचं मैदान कोणतं ते रविवारी संध्याकाळपर्यंत फॉर्मवर लिहून द्यायचं, आणि एकदा लिहिलं की तीन वर्षं बदलायचं नाही. समोर दोन मैदानं. एक कामठीचं जुनं, जिथं खेळाची रेषा आणि बघणाऱ्यांचे गुडघे यांच्यात वीतभर अंतर. दुसरं विमानतळाजवळच्या मिहानकडचं नवं स्टेडियम, जिथं खेळाडू आणि बघणारे यांच्यामधून आठ लेनचा धावण्याचा ट्रॅक जातो. क्लबचे आजीव सभासद अकरा. पाच इकडे, पाच तिकडे, आणि अकरावा मी.

मी कुठं पडणार याबद्दल मला काडीची शंका नव्हती. माझा गोल त्या जुन्या मैदानावर आहे.

हा गोल मी नागपुरात सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी तो पाहिलाय. पुण्यात मात्र आमच्या सोसायटीच्या चारही इमारतींना तो पाठ आहे. शेवटचं मिनिट. चेंडू उजव्या रेषेच्या बाहेर पळतोय आणि मी त्याच्यामागं. रेषा ओलांडणार इतक्यात मी असा काही घसरत गेलो, की चेंडूनं मागं वळून पाहिलं, त्याला माझी दया आली आणि तो रेषेवरच थांबला. मग तिथून, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळून, मी तो मारला. पहिल्यांदा सांगितला तेव्हा गोल वीस पावलांवर होता. मी निवृत्त होईपर्यंत पन्नासांवर गेला. मागच्या गणपतीत तर वाटेत चेंडूनं एका घारीला हूल दिली. त्या गोलवर आम्ही ढाल जिंकली. आता सांगा, असलं मैदान कोणी सोडतं का?

नागपूर स्टेशनवर मधू डहाके उभा होता. मधू हा आमचा तेव्हाचा गोलकीपर आणि आताचा सेक्रेटरी. लकडगंजात त्याची लाकूड कापायची आरामशीन आहे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “काय बे विन्या, तू आला का तुझं पोट आलं?” मी म्हणालो, दोघंही आलोय, पण मत एकच आहे. तो हसला नाही. मधू हसत नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे मला त्याच्या गोलकीपिंगच्या काळापासून माहीत आहे.

लकडगंजात शिरलं की आधी वास येतो. कापलेल्या सागाचा वास, गोड आणि कोरडा. सगळ्या गल्लीवर भुशाची साय. जुन्या मैदानाचे गोलपोस्ट याच गल्लीतल्या सागाचे. मधूच्या वडिलांनी ते असे जाड दिले होते, की चेंडू लागला तर चेंडूच माफी मागायचा. मधूच्या आरामशीनसमोर एका गाडीवर आम्ही तर्रीपोहे खाल्ले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. पहिल्या घासाला माझे कान तापले, दुसऱ्याला डोळ्यांसमोर माझे दोन मामा आले जे आता हयात नाहीत, आणि तिसऱ्याला मी दुसरी प्लेट मागितली.

खाता खाता मधूनं आपली बाजू मांडली. तो नव्या स्टेडियमच्या बाजूचा. क्लबला आता मुलींचा संघ आहे आणि चांगला आहे, पण जुन्या मैदानावर कपडे बदलायला खोली नाही. जागेचा तंटा कोर्टात पडून, तिथं एक वीट चढवता येत नाही. मुली मिनीबसच्या काचांना चादरी लावून आत बदलतात आणि बाहेर त्यांच्यातलीच एक राखण करते. नव्या ठिकाणी खोल्या आहेत, नळाला पाणी आहे. ट्रॅकचा त्रास एवढाच, की चेंडू बाहेर गेला तर मध्य प्रदेशात जातो; म्हणून तिथं यजमान क्लबानं चेंडू आणून द्यायला सहा माणसं द्यायची आणि त्यांची नावं सामन्याच्या कागदावर लिहायची.

“मग अडलं कुठं?” मी विचारलं.

“गणूभाऊपाशी,” मधू म्हणाला. “साखरेनं त्याचे डोळे नेले. पुरते. तीन वर्षं झाली. तरी एक मॅच चुकवत नाही तो. लाइनीवर बसते आणि कानानं पाहते. आता मले सांग, आठ लेन पलीकडून काय ऐकू येणार त्याले? ते पाचही जण गणूभाऊसाठी जुन्या मैदानाले अडून बसले हायेत.”

“आणि गणूभाऊचं मत?”

मधूनं प्लेट खाली ठेवली. “त्याचं मत नव्याले हाय. म्हणते, पोरींले कपडे बदलाले जागा नाही, माझं काय घेऊन बसले. त्याच्या मतानंच आम्ही पाच झालो.”

गणूभाऊ निपाने हा आमचा डावा बॅक. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पॉवरलूमवरचा माणूस. पॉवरलूममध्ये आयुष्य काढलेल्या निम्म्या कामठीला कमी ऐकू येतं. तिथं नवरा-बायकोचं कुजबुजणं कन्हान नदीच्या पलीकडे पोचतं. गणूभाऊचं उलटं झालं. वीस मागांच्या खडखडाटात एका मागावरचा एक धागा तुटला, की तो पाठमोरा असूनही मान वळवायचा. खडखडाटाची चाल बदलते म्हणायचा. मला तेव्हा ती थाप वाटायची. थापांतलं मला कळतं.

दुपारी मी एकटाच कामठीला निघालो. मेट्रोनं सीताबर्डी, तिथं गाडी बदलून ऑटोमोटिव्ह चौक, आणि पुढं शेअर ऑटो. मेट्रोतून नागपूर असं स्वच्छ आणि शांत दिसतं, की आपण दुसऱ्याच गावात आलो असं वाटतं. शेअर ऑटोत बसलो आणि आपलं गाव परत मिळालं. तिघांच्या जागेत आम्ही सहा, वर दोन पोती कांदे. चालकानं मला विचारलं, कुठं जाऊन राहिले काका? मैदानावर म्हणालो. त्यानं माझं पोट पाहिलं आणि ‘पाहाले ना?’ अशी खात्री करून घेतली.

मैदान जसंच्या तसं होतं, सामना चालू होता. लाल माती, मध्ये जिथं गवत उगवायचं धाडस करतं तिथं हिरवं, बाकी सगळीकडे अब्रूपुरतं. आणि चारी बाजूंनी रेषेला लागून माणसं मांड्या घालून, पाय पसरून, पोत्यांवर, विटांवर बसलेली. कुंपण नाही, गॅलरी नाही. या मैदानाची एक रीत आहे, ती जगात दुसरीकडं नसेल. खेळाडू रेषेवरून चेंडू घेऊन येऊ लागला, की बसलेल्यांतलं कोणीतरी ओरडतं, “पाय!” आणि शंभर जण एकामागून एक पाय आत घेतात. खेळाडू पुढं जातो तसे मागचे पाय परत पसरतात. लांबून पाहिलं तर वाऱ्यानं तुरीचं शेत वाकावं तसं दिसतं. मी सात वर्षं त्या पायांच्या कडेकडेनं धावलोय. मला विंगर या मैदानानं केलं. जरा चुकलो असतो तर कोणाच्या तरी मांडीत जाऊन बसलो असतो.

गणूभाऊ त्याच्या जागेवर होता, तागाच्या पोत्यावर, काठी आडवी ठेवून. शेजारी लीलावहिनी, त्याची बायको. मी काही न बोलता जाऊन बसलो. त्यानं मान न वळवता म्हटलं, “विन्या, श्वास लई जोरानं घेऊन राहिला. जिने चढत नाहीस वाटते तिकडे.”

मग त्यानं मला सामना दाखवला. मी दाखवला नाही, त्यानं दाखवला. म्हणाला, आपला नऊ नंबर दमला आहे, पाय घासत चाललाय. त्यांच्या बॅकचा डावा बूट ढिला आहे, टाच वाजते, त्याच्या त्या बाजूनं जायला सांगा. पाच मिनिटांनी त्या बॅकचा बूट खरोखर निघाला आणि चेंडूच्या आधी गोलपर्यंत गेला. लीलावहिनी घरी पोळ्या लाटत बसल्यासारख्या शांत. म्हणाल्या, घरी पण असंच चालते, दूध उतू जायच्या आधी यांले ऐकू येते.

मी कौतुकानं ऐकत होतो आणि तेवढ्यात कोणीतरी “पाय!” ओरडलं. शंभर जणांनी पाय घेतले. चाळीस वर्षं पुण्यात राहिलेल्या एका माणसानं घेतले नाहीत. आमचाच विंगर माझ्या नडगीवरून उडाला, हवेत एक गिरकी घेऊन लीलावहिनींच्या पिशवीजवळ उतरला आणि उठताना माझ्याच पाया पडून गेला. रांगेत हसण्याची एक लाट आली आणि गेली. गणूभाऊ डोळे मिटून हसत होता, म्हणजे त्याचे डोळे मिटलेलेच असतात, पण हसताना ते कळतं.

आता इथं आलोच आहे, नडगीही सुजलेली आहे, तर तुम्हाला खरं सांगून टाकतो. पुण्याला सांगू नका. त्या दिवशी चेंडू रेषेवर थांबला नव्हता. तो बाहेर गेला होता. चांगला हातभर बाहेर. मी चार पावलं मागं होतो आणि माझं संपलं होतं. तेवढ्यात बसलेल्यांच्या रांगेतून निळ्या पट्ट्याच्या स्लीपरमधला एक पाय पुढं आला, चेंडू त्याच्यावर आपटला आणि परत आत आला. लाइनमन त्याच क्षणी संत्र्याची फोड सोलत होता. मी थांबून हात वर करू शकलो असतो. मी मारला. तो पाय कोणाचा ते मी कधी शोधलं नाही. शोधलं असतं तर सापडला असता.

संध्याकाळी गणूभाऊकडे जेवलो. लीलावहिनींनी गोळाभात केला होता. बेसनाचे गोळे भातातच शिजवतात आणि वरून कडकडीत तेल घालतात. सोबत भरपूर सांबार (कोथिंबीर) घातलेली चटणी. तीन वेळा वाढून घेतलं; चौथ्यांदा ताटानंच नको म्हटलं. खाली त्यांच्या मुलाचे चार माग चालू होते, खटाक-खट, खटाक-खट, आणि घर त्या तालावर हलकं हलत होतं. मी गणूभाऊला सांगितलं, की उद्या माझं मत जुन्या मैदानाला आहे, तू निश्चिंत राहा.

तो काही वेळ मागाचा आवाज ऐकत राहिला. मग म्हणाला, “माझ्यासाठी देऊन राहिला का तुझ्या गोलासाठी?”

मी म्हणालो, दोघांसाठी. ते त्याला पटलेलं दिसलं नाही. त्यानं लीलावहिनींना म्हटलं, उद्या मीही येतो, मले ते स्टेडियम पाहाचं हाय. वहिनी म्हणाल्या, पाह्याले काय हाय तिथं तुमच्यासाठी? तो म्हणाला, तेच पाहाचं हाय.

रविवारी सकाळी मधूच्या गाडीतून निघालो. मिहानच्या बाजूला रस्ते इतके रुंद आहेत, की समोरून येणारी गाडी ओळखीची निघाली तर थांबेपर्यंत दोन्ही गाड्या जिल्हा ओलांडतात. मोकळी जमीन, काचेच्या इमारती, मध्येच एक विमान इतकं खाली, की मी मान खाली घातली. स्टेडियम नवं कोरं. गवत असं हिरवं, की माझा विश्वास बसेना. मी खाली वाकून उपटून पाहिलं आणि पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. गवताभोवती विटेच्या रंगाचा ट्रॅक, त्यावर पांढऱ्या रेघा. आतल्या अंगाला बोटभर उंचीची धातूची कड, सगळ्या मैदानाला वळसा घालून गेलेली.

क्लबानं आपसातच एक सामना ठेवला होता, मैदान अजमावायला. पहिला अर्धा वेळ मुलींचा, दुसरा मुलांचा. दहाही सभासद आले होते. मुली खोलीतून कपडे बदलून ओळीनं बाहेर आल्या, केस ओले, तोंडं धुतलेली. चादरी नाहीत, राखण नाही. मी पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं, कारण माझं मत ठरलेलं होतं आणि मला त्याला धक्का लागू द्यायचा नव्हता.

आम्ही गॅलरीत बसलो. खुर्च्या छान, निळ्या. पण खेळ म्हणजे, आपल्या गल्लीतल्या लग्नाची वरात विमानातून पाहावी तसा. चेंडूला लाथ बसलेली दिसायची आणि आवाज यायचा नंतर, पोस्टातून आल्यासारखा. कोणाचा श्वास नाही, शिवी नाही, बुटाचं घासणं नाही. मी गणूभाऊकडे पाहिलं. तो खुर्चीच्या टोकाला बसला होता, कान पुढं काढून. चेंडू उजवीकडच्या गोलजवळ होता आणि त्याचं तोंड डावीकडे होतं.

काल ज्यानं मला न पाहता ओळखलं, तो माणूस रिकाम्या बाजूला बघत होता. मधूनंही ते पाहिलं. त्याच्या मांडीवर फॉर्म होता, तो त्यानं घडी करून खिशात घातला. जुन्या मैदानाच्या बाजूच्या पाच जणांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तर त्यांची तोंडंही उतरली. गणूभाऊनं थोड्या वेळानं अगदी सहज विचारलं, “आपल्या पोरी चांगल्या खेळून राहिल्या ना?” लीलावहिनी म्हणाल्या, हो, चांगल्या. आणि पदर उगाच नीट केला.

मध्यंतर झालं. गणूभाऊला पाणी प्यायचं होतं, म्हणून वहिनी त्याला खाली घेऊन गेल्या. पाण्याची टाकी ट्रॅकच्या पलीकडे होती. मुलांचा सामना सुरू झाला तरी दोघं वर आले नाहीत, म्हणून मी कठड्यापाशी गेलो आणि खाली पाहिलं.

गणूभाऊ ट्रॅकच्या मधोमध उभा राहून पायानं जमीन दाबून पाहत होता. त्याला ती जमीन आवडली असावी. रबरी आहे, पावलाला उलट हाक देते. मग त्याची काठी आतल्या कडेला लागली. टक्. त्यानं एक पाऊल पुढं टाकून परत लावली. टक्. अजून एक पाऊल. कड होतीच. मग तो म्हणाला, आणि खालून मला स्पष्ट ऐकू आलं, “लीला, हात सोड.”

वहिनींनी सोडला नाही. त्यानं स्वतःच काढून घेतला.

तीन वर्षांत तो एकटा चाललेला नव्हता, हे मला नंतर कळलं. घरात भिंतीला धरून, बाहेर वहिनींना धरून. आता तो कडेला काठी लावून चालू लागला, टक् टक् करत, आधी बिचकत आणि मग बिचकणं विसरून. लांबीच्या बाजूला ट्रॅक मैदानाच्या रेषेच्या इतक्या जवळून जातो, की मध्ये चार पावलं असतील. त्याच्या शेजारूनच आमचा विंगर चेंडू घेऊन निघाला आणि गणूभाऊ त्याच्याबरोबर निघाला. एवढा वेळ त्याचं तोंड वाट चुकलं होतं, ते आता बरोबर चेंडूवर होतं.

ट्रॅकवर एक प्रशिक्षक बाई मुलींना धावायला शिकवत होत्या. त्या शिट्टी घेऊन धावत आल्या. म्हणाल्या, काका, चप्पल घालून ट्रॅकवर चालत नाहीत. गणूभाऊनं चप्पल काढली, काखेत धरली आणि विचारलं, पायानं चालते ना? बाईंनी त्याचे डोळे पाहिले, काठी पाहिली. म्हणाल्या, “आम्ही तिसऱ्या लेनपासून बाहेर धावतोय. तुम्ही आतच राहा. आणि वळणावर सावकाश.”

“वळण आलं की काठी सांगन मले,” तो म्हणाला.

अनवाणी चालत तो कोपऱ्यापर्यंत गेला. तेवढ्यात मैदानावर एक लांब पास सुटला आणि चेंडू रेषेबाहेर पडून घरंगळत ट्रॅककडे निघाला. कडेला लागून उडाला, टक्. गणूभाऊ थांबला. त्यानं डावा पाय पुढं केला, तिरका, टाच खाली आणि चवडा वर. चेंडू त्याच्यावर आपटला आणि परत मैदानात गेला, नेमका आमच्या विंगरच्या पुढ्यात.

तो पाय मी ओळखला. चप्पल नसली तरी ओळखला.

मी जिना उतरून धावलो. धावलो म्हणतो, तुम्ही पाहिलं असतं तर दुसरा शब्द वापरला असता. पोचेपर्यंत मला बोलता येईना. गणूभाऊनंच सुरुवात केली.

“आला का? परवाच म्हटलं होतं, जिने चढत जा.”

“परवा नाही, काल,” मी म्हणालो. “गणूभाऊ, त्या ढालीच्या मॅचले, निळ्या पट्ट्याची स्लीपर…”

“माझीच. गुडघा सुजला होता, बसून होतो. सगळ्यांनी पाय घेतले. मी नाही घेतला.”

“काहून?” चाळीस वर्षांनी माझ्या तोंडून ‘काहून’ निघालं.

“तू लई लांबून धावत आला होता गा. तुझा दम ऐकू येत होता मले. म्हटलं, याले एक पाय देऊन टाकू.”

मी म्हणालो, मग इतकी वर्षं बोलला काहून नाही. तर म्हणतो, तूच इतकं मस्त सांगत होता, मध्ये मी कशाले पाय घालू. मागच्या गणपतीत घारीची गोष्ट चालू असतानाच मधूचा फोन आला होता; त्यानं ती ऐकून गणूभाऊला सांगितली होती आणि गणूभाऊनं ती लीलावहिनींना दोनदा सांगितली होती. दुसऱ्या वेळी त्यानं दोन घारी केल्या.

मग त्यानं काठी कडेवर टेकली आणि तोंड माझ्याकडे केलं. “आता सांग. तो बॉल आउट होता का नाही?”

समोर खेळ चालू होता. मी खेळाकडे बघत राहिलो. म्हणालो, फार वर्षं झाली, पाहावं लागेल. तो परत चालू लागला आणि मी त्याच्या मागून, बूट हातात घेऊन. वाटेत एवढंच म्हणाला, की तिथं मी एका जागी बसतो आणि मॅच माझ्याजवळ येऊन निघून जाते. इथं मी तिच्यासंगं जाऊ शकतो. आणि थोड्या वेळानं, “पण ते ‘पाय’ नाही इथं. ते राहीन तिकडेच.”

वर मधूनं फॉर्म परत काढला. मी नव्या स्टेडियमला मत दिलं. जुन्या मैदानाच्या बाजूच्या पाचांतल्या एकानं विचारलं, की सामन्याच्या दिवशी गणूभाऊला ट्रॅकवर कोण जाऊ देईल. मधूनं फॉर्मला जोडलेला दुसरा कागद काढला, चेंडू आणून देणाऱ्या सहा माणसांचा, आणि पहिल्या ओळीत लिहिलं: गणपत निपाने. अडुसष्ट वर्षांचा, डोळ्यांनी न दिसणारा चेंडूवाला. हे मी रचलेलं नाही. मला एवढं चांगलं रचता येत नाही.

परतीच्या गाडीत लीलावहिनींनी दिलेली संत्र्यांची पिशवी होती. समोर पुण्यात शिकवणारा एक मास्तर बसला होता, गप्पांना रिकामा. वर्ध्याच्या पुढं मी त्याला गोल सांगितला, पहिल्यांदाच जसा झाला तसा. स्लीपर, गुडघा, ट्रॅक, अनवाणी पाय, सगळं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, “काका, तुम्ही छान रचता. पण आंधळ्याचा पाय जरा जास्त झाला.” मी त्याला घारीचा गोल सांगितला. तो लगेच पटला.

मग पिशवी कलंडली आणि एक संत्रं निसटून बर्थखालून मधल्या वाटेवर घरंगळत निघालं. “पाय!” मी ओरडलो. मास्तरानं दचकून पाय घेतले, पलीकडच्या दोघांनीही घेतले. मी डोळे मिटले. रुळांच्या खडखडाटात संत्र्याचा आवाज शोधला, सापडला असं वाटलं, आणि डावा पाय पुढं केला, तिरका, टाच खाली, चवडा वर.

काहीच लागलं नाही. डोळे उघडले तेव्हा संत्रं दाराच्या फटीतून बाहेर उडी मारत होतं.

“गेलं की,” मास्तर म्हणाला.

“आउट,” मी म्हणालो. मग फोन काढला, गणूभाऊला लावला, आणि त्यानं उचलल्यावर पुन्हा तेच म्हणालो.